अजून कुणी सांगितलं नाही

फोन आला तेव्हा मी चहा ओतत होते. पेल्यात दूध आधी घालायचं की चहा आधी, यावर अपांचं आणि माझं कधीच एकमत झालं नाही. अपा म्हणजे माझ्या सासूबाई. त्या सकाळीही त्या खोलीतून विचारत होत्या, दूध आधी घातलंस ना. फोनवर माझा नवरा होता. रात्रपाळीवरून तो घरी न येता परस्पर कुठेतरी निघाला होता, त्याच्या मागे वारा ऐकू येत होता. त्यानं सांगितलं, बल्काश सरोवराच्या रस्त्यावर, पहाटे, समोरून आलेल्या ट्रकवर, जागच्या जागी. मग पोलिसानं वाचून दाखवलेलं नाव त्यानं वडिलांच्या नावासकट जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मला शंका राहायला नको म्हणून असेल, किंवा त्याला स्वतःलाच पुन्हा ऐकायचं असेल. त्याचा धाकटा भाऊ, माझा दीर. मी हो म्हणाले. तो म्हणाला, "आईला कळता कामा नये. म्हातारी मंडळी गावाहून निघालीत, संध्याकाळपर्यंत पोचतील, ती सांगतील. तोवर तिला घराबाहेर काढ. खाली अंगणात तंबू उभा करायचाय." मी पुन्हा हो म्हणाले. फोन ठेवला आणि मोठ्यानं सांगितलं, हो अपा, आधीच घातलं. खरं तर दूध अजून भांड्यातच होतं. त्या दिवसातलं माझं ते पहिलं खोटं.

आमच्यात मरणाची बातमी कुणी तोंडावर फेकत नाही. घरातल्या माणसाला तर नाहीच. वडीलधारी जमतात, येऊन बसतात, चहा पितात, हवापाण्याचं बोलतात, हातावरून उडून गेलेल्या ससाण्याची काहीतरी गोष्ट काढतात, आणि तिथून वळणं घेत घेत शेवटी त्या एका वाक्यापाशी येतात. तोवर ऐकणाऱ्याला निम्मं कळलेलं असतं, आणि धरायला आजूबाजूला हात असतात. लहानपणी मला हे म्हाताऱ्यांचं नाटक वाटायचं. मग सासरे गेले. त्यांनी दवाखान्यात प्राण सोडला आणि ती बातमी अपांना जिन्यातच कळली, खालच्या मजल्यावरच्या एका मूर्ख बाईनं हातातली भाजीची पिशवी न सोडता सांगितली. अपा पायऱ्यांवरून कोसळल्या. त्यांची वाचा गेली ती वसंत ऋतूपर्यंत परत आली नाही. डॉक्टर म्हणाले होते, हे हृदय असा दुसरा धक्का घेणार नाही. म्हणजे आज माझ्या तोंडावर सगळं अवलंबून होतं. मी गप्प राहिले तर अपा वाचणार होत्या.

तोंडाशी माझा रोजचाच संबंध आहे. दातांच्या दवाखान्यात मी कवळ्या बनवते. अपांची कवळीसुद्धा मीच केलेली. त्यांना राग आला की त्या ती काढून पेल्यात ठेवतात, म्हणजे आता तुझ्याशी बोलायचं नाही. आणि तोंडाचीच दुसरी गोष्ट म्हणजे नावं. सून नवऱ्याच्या घरच्यांची नावं घेत नाही. मोठ्यांची नाही आणि धाकट्यांचीही नाही. स्वतःच काहीतरी नाव ठेवते आणि तेच चालवते. लग्न होऊन आले तेव्हा हा दीर शाळेत होता, आणि पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या बुटात काकडीचा तुकडा घालून ठेवला होता. मी त्याचं नाव ठेवलं तेंतेक, म्हणजे वांड. तो मोठा झाला, मिशा आल्या, ट्रक चालवायला लागला, तरी माझ्यासाठी तेंतेकच. त्याचं खरं नाव मी कधी उच्चारलं नव्हतं. सासऱ्यांचंही नव्हतं, ते जाईपर्यंत. ते गेल्यावर त्यांच्यासाठी तेलात रोट्या तळताना, वाचा नुकती परत आलेल्या अपांनी मला जवळ ओढलं होतं. अडखळत म्हणाल्या होत्या, "आता दुआ करताना त्यांचं नाव घे. नाव घेतल्याशिवाय पोचायचं कसं?" म्हणजे आमच्या घरात सुनेच्या जिभेवर नाव येतं ते माणूस गेल्यावरच. त्या सकाळी मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला, दुआ म्हटली आणि त्याचं नाव घेतलं. तेव्हापासून ते माझ्या तोंडात होतं. दुसऱ्याची कवळी चुकून घातल्यासारखं, नीट बसेना आणि काढताही येईना.

अपांना म्हटलं, चला, टेकडीवर जाऊ, सफरचंदं आणू. महिनाभर त्या मागे लागल्या होत्या आणि मी कामाचं निमित्त सांगून टाळत होते. रानातली आंबट सफरचंदं चकत्या करून वाळवायची, हा त्यांचा दर शरदातला उद्योग. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आज कामाला दांडी? मग तुझ्या म्हाताऱ्यांचे दात कोण करणार?" मी म्हटलं, उद्या करीन. "आणि आजचं मटण कशानं चावायचं त्यांनी?" असं म्हणत त्या उठल्यासुद्धा, चांगला मखमली अंगरखा घातला, पांढरा रुमाल बांधला. त्या रुमाल बांधत असताना मी त्यांचा फोन त्यांच्या पिशवीतून काढला आणि पिठाच्या डब्यात खोल पुरला. जिन्यात शेजारची बागिला भेटली. तिच्या काखेत मोठी कढई होती. तिचे डोळे सुजलेले होते आणि ती भिंतीला चिकटून उभी राहिली. अपांनी विचारलं, कुणाकडे कार्य आहे की काय. बागिला म्हणाली, भाचीची सुपारी. आणि पुढे अपा तिला मुलगा काय करतो, कुठल्या कुळातला, हे विचारत राहिल्या. बागिला एकेक उत्तर रचत राहिली आणि मी रेलिंग धरून उभी. आमच्या मागच्या पिढ्यांत त्या मुलाशी कुठे नातं लागतं का हे अपांना शोधायचं होतं, आणि तो मुलगा मुळात नव्हताच.

टेकडी शहराच्या दक्षिण टोकाला आहे, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. तिच्यामागे बर्फाचे डोंगर, पण त्यांचं आम्हाला काही नाही, ते कॅलेंडरात असतात. टेकडी मात्र आमची. रविवारी लोक मटणाच्या सळ्या घेऊन तिथे जातात, नवस बोलून फांद्यांना चिंध्या बांधतात, पोरी फोटो काढतात. मी या शहरात आले ती सिर नदीकाठच्या सपाट मुलखातून. आमच्याकडे कोण येतंय ते माणूस पोचायच्या कितीतरी आधी दिसतं. इथल्या झाडांत मला पहिल्यांदा कोंडल्यासारखं झालं होतं. वर बघावं तर पानं, पुढे बघावं तर खोडं. नव्या सुनेनं घरात मोठ्यानं बोलायचं नाही, पाठ दाखवायची नाही, सगळ्यांच्या आधी उठायचं, आणि बाहेर आलं तर हे असं. तेव्हा तेंतेक मला सफरचंदांच्या बहाण्यानं इथे आणायचा. तो झाडावर चढायचा, मी खाली ओढणी पसरून उभी. एकदा त्यानं वरून सांगितलं, "वहिनी, इथे कुणी ऐकत नाही, ओरडून बघ." मी नाही म्हटलं. मग तोच ओरडला, अगदी बकऱ्यासारखा, आणि मी हसले. या शहरात मोठ्यानं हसले ती पहिली वेळ. नंतर मीही ओरडले. कुणाच्या तरी सळ्या भाजायच्या थांबल्या आणि एका माणसानं खालून विचारलं, कुणाला साप चावला का. आम्ही दोघं पळत सुटलो. हे सगळं बसमध्ये माझ्या डोक्यात येत होतं, आणि शेजारी अपा पिशवी उचकत होत्या. फोन विसरले वाटतं, म्हणाल्या, म्हातारी झाले. तुरसिनचा फोन आला तर? आज तो बल्काशवरून यायचाय, धुरावलेले मासे आणीन म्हणाला होता. मी म्हटलं, माझ्या फोनवर करेल. माझा फोन खिशात थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. बघितला नाही.

मी मनाशी ठरवलं होतं की पलीकडच्या अंगाला जायचं, जिथे झाडी दाट आहे आणि शहर दिसत नाही. कारण टेकडीच्या उघड्या खांद्यावरून आमच्या इमारती दिसतात, अंगणासकट. माणूस गेला की अंगणात नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, गोल पांढरा तंबू उभा राहतो, हे शहरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खिडकीतून असा तंबू दिसला की माणूस आधी आपल्या घरच्यांची मनातल्या मनात मोजदाद करतो. आणि अपांना सुईत दोरा ओवता येत नाही, पण लांबचं सगळं दिसतं. माळावर मेंढ्या राखून वाढलेले डोळे ते. पण बसमधून उतरून वळलो तर पलीकडची वाट बंद. हिरव्या पत्र्यांचं कुंपण, आत सिमेंट ढवळायचं यंत्र, आणि एक रखवालदार सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेला. मी त्याला विनवलं. आजीबाईंना नेहमीच्या झाडापाशी जायचंय म्हटलं. तो म्हणाला, "ताई, तिथे आता झाड नाही. बंगले आहेत. वरच्या खांद्यावरून जा की, तिथून शहर काय छान दिसतं." अपा त्याला म्हणाल्या, शहर आम्ही रोज खालून बघतो बाबा, आणि खांद्याच्या वाटेला लागल्यासुद्धा. मला परत फिरता येत नव्हतं, घरी तंबू होता. पुढे जाता येत नव्हतं, पुढूनही तोच तंबू दिसणार होता. राहिला होता तो मधला झाडीचा पट्टा, वाट आणि खांदा यांच्यातला, तेवढ्यातच संध्याकाळ काढायची.

मी काढली. ढोंगाला किती मेहनत लागते ते मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक झाडापाशी मी थांबले, हे गोड आहे, हे बघा, इथली किती लाल आहेत. अपा चाखून थुंकत. गोड सफरचंद वाळवून काय करायचं, त्यात काही मजा नाही, असं त्यांचं मत. पिशवी हळूहळू भरत होती आणि मला ती भरायला नको होती, भरली की निघावं लागणार. त्यांची पाठ वळली की मी दोन-चार फळं काढून गवतात सोडून देत होते. पानांतून ऊन खाली येत होतं, जमिनीवर पडलेली फळं कुजून तिथे आंबूस वास सुटला होता आणि गांधीलमाश्या घोंगावत होत्या. मध्येच खालून वारा आला आणि मला खात्री वाटली की त्यात तळणाचा वास आहे, बागिलाच्या कढईचा, मेलेल्यासाठी तळलेल्या रोट्यांचा. एवढ्या लांबून कसा येईल. पण अपांनीही नाक वर केलं होतं. मी म्हटलं, कुणीतरी मटण भाजतंय. त्या म्हणाल्या, असेल. मला रडायचं होतं. मी साध्या शब्दांत सांगते, कारण त्या दिवशी मला ते कुणालाही सांगता आलं नाही. तो माझा दीर होता, पण या घरात माझ्याशी मैत्री केलेला तो एकटाच होता. अभ्यासाला मी त्याला बसवलं, पहिल्या दाढीसाठी साबण मी आणून दिला, कोणती मुलगी आवडली हे तो आईच्या आधी मला सांगायचा. त्याच्यासाठी रडायचा पहिला हक्क आईचा, आणि आईला ठाऊक नाही तोवर माझा कसला हक्क. म्हणून मी सफरचंदं पुसत होते, एकेक, उगाच.

दुपार कलली तशा अपा एका आडव्या पडलेल्या खोडावर बसल्या. थर्मासमधला चहा मी ओतला, दूध आधी घालून. त्यांनी पाहिलं आणि खुशीत मान हलवली. ऊन त्यांच्या गुडघ्यांवर होतं. त्यांना बोलायची लहर आली होती. म्हणाल्या, या हिवाळ्यात तुरसिनचं उरकून टाकू. रस्त्यावर राहून राहून तो रस्त्याचाच झालाय. मधली खोली त्यांना देऊ, मी हॉलमध्ये झोपेन, मला काय. ती पोस्टातली मुलगी बरी आहे, जरा बुटकी आहे, पण बुटक्या बाया घर धरून राहतात. मी हूं हूं करत होते. पेल्यातला चहा हलताना दिसू नये म्हणून मी पेला गवतात टेकवला होता. आधी त्यांची दोन मुलं तान्हेपणी गेली, त्यानंतर माझा नवरा झाला, आणि मग पुन्हा एक गेल्यावर हा. म्हणून याचं नाव तसं ठेवलेलं, राहू दे बाबा, अशा अर्थाचं. हे मला लग्नात कुणीतरी सांगितलं होतं. अपा बोलतच होत्या. पाहुण्यांना घोड्याचं मांस कुठून आणायचं, सेइतकुल म्हातारा आशीर्वाद द्यायला बसला की उठत नाही. सेइतकुल-अता आमच्या कुळातले सगळ्यात वयोवृद्ध, आणि तेच ह्या क्षणी गाडीत बसून शहराकडे येत होते. "तू सांग त्याला," अपा म्हणाल्या. "माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल."

मी म्हणाले, "तुरसिन ऐकेल, अपा."

मला ते लगेच कळलं नाही. आवाज माझाच होता आणि वाक्य साधं होतं. मी थर्मासचं झाकणही लावलं. मग अपांचा हात दिसला. त्यात एक अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं आणि तो तोंडाजवळ येऊन तिथेच राहिला होता. एवढ्या वर्षांत ते नाव माझ्या तोंडून त्यांनी ऐकलं नव्हतं. सुनेला ते केव्हा घ्यावं लागतं हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तेंतेक म्हणायचं होतं हो, असं सांगून मी सावरून घ्यायला हवं होतं, हसायला हवं होतं. मी त्यांच्या छातीकडे बघत राहिले. अंगरख्याचं चांदीचं बटण वर-खाली होत होतं, आणि माझ्या डोक्यात एवढंच, की हे थांबलं तर मी मारलं. सकाळपासून तोंड मिटून राहिले आणि एका शब्दानं मारलं.

ते थांबलं नाही. अपांनी सफरचंद खाली ठेवलं. खोडाला धरून उठल्या, मी हात पुढे केला तो घेतला नाही, आणि झाडांतून सरळ उघड्या खांद्याकडे चालू लागल्या. मी मागून. त्यांना अडवायला हवं होतं, पण सुनेनं सासूचा रस्ता अडवायचा नसतो, आणि आता अडवून काही राखायचंही उरलं नव्हतं. कडेला जाऊन त्या उभ्या राहिल्या. खाली शहरावर धुराचा राखाडी थर होता, त्यातून इमारती वर आलेल्या. त्यांनी कपाळावर हात धरला. मीही बघितलं. आमच्या चौकोनी अंगणात, झोपाळ्याच्या बाजूला, तो पांढरा ठिपका होता. भोवती माणसं मुंग्यांएवढी. त्यांचा रुमाल वाऱ्यानं फडफडत होता आणि तेवढाच आवाज होता. मग त्या खाली बघतच म्हणाल्या, "रस्त्यावर?"

मी मान हलवली. त्या बघत नव्हत्या, म्हणून म्हणाले, हो.

"हाल झाले?"

"नाही अपा. लगेच."

माझा आवाज फुटला. तशा त्या गर्रकन वळल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं, दुखेल इतकं. "रडायचं नाही," त्या म्हणाल्या. "अजून आपल्याला कुणी सांगितलं नाही. सेइतकुल म्हातारा मोडक्या कमरेनं एवढ्या लांबून येतोय. सगळा रस्ताभर तो शब्द जुळवत बसला असेल. त्याचं बोलणं वाया घालवायचं नाही. तू काही बोलली नाहीस आणि मी काही ऐकलं नाही, कळलं?" मी हो म्हणाले. त्यांचे ओठ निळसर झाले होते. मी त्यांच्या जिभेखाली हृदयाची गोळी ठेवली, त्यांनी ती ठेवू दिली. जरा वेळानं त्या पिशवीपाशी परत गेल्या, आत डोकावल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एवढीच? मघापासून तोडतोय आपण. भर आणखी. पुष्कळ माणसं येणारेत, चहाबरोबर काहीतरी लागेल. गोड तोड."

मग आम्ही गोड फळं तोडली. मघाशी गवतात टाकलेलीही मी वेचून आणली. त्यांनी ते पाहिलं. दोघींना ठाऊक असताना गप्प राहणं हे एकटीनं गप्प राहण्यापेक्षा कठीण होतं. मघाशी निदान मी त्यांच्यापासून लपवत होते. आता कुणापासून लपवायचं होतं ते कळत नव्हतं, तरी लपवायचंच होतं. झाडं तशीच उभी होती, एकेका फांदीला लोकांच्या नवसाच्या चिंध्या. खालच्या एका झाडापाशी अपा जरा थांबल्या, रुमालाच्या टोकाला हात गेला, आणि तो त्यांनी परत खाली घेतला. रखवालदारानं विचारलं, दिसलं का शहर. अपा म्हणाल्या, दिसलं. पिशवीतून त्याला दोन फळं दिली. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, पिशवी दोघींच्या मांडीवर, निम्मी निम्मी. मध्येच त्यांनी कवळी काढून हातरुमालात गुंडाळली. मला वाटलं रागावल्या. पण कानाशी वाकून म्हणाल्या, फुटायला नको, तू एवढी खपून केलीस. मग मला कळलं की त्या तयारी करत होत्या.

अंगणात शिरलो तेव्हा सगळे आपापल्या जागी थिजले. बागिला तोंडावर रुमालाचं टोक धरून आत पळाली. माझा नवरा तंबूच्या दाराशी होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कळू दिलं नाहीस ना, असं. मी डोळ्यांनी सांगितलं, नाही. सेइतकुल-अता काठी टेकत पुढे आले, मागे आणखी चार पांढऱ्या दाढ्या. अपा त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. पांढऱ्या तंबूकडे, कढयांकडे, माणसांकडे त्यांनी कुतूहलानं पाहिलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "एवढी माणसं कशी काय आज?" त्यांनी विचारलं. "आणि तुम्ही कधी आलात? मी आपली टेकडीवर सफरचंदांना गेले होते." म्हाताऱ्यानं अपांना बाकावर बसवलं, दोन बायका दोन बाजूंना बसल्या, त्यांनी हात धरले. मग तो ससाण्याबद्दल बोलू लागला. कसा वाढवला, कसा हातावर बसायचा, एके दिवशी दोरी तुटली. अपा मन लावून ऐकत होत्या, मधूनमधून मान हलवत होत्या. म्हातारा अडला की त्या थांबून त्याच्याकडे बघत, धीर दिल्यासारखं. शेवटच्या वाक्यापाशी त्याचा आवाज चिरला, तरी ते त्यानं पूर्ण केलं.

तेव्हा अपांनी मुलाचं नाव घेऊन हंबरडा फोडला. खराच, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. कदाचित पहिल्यांदाच ऐकत असतील. सगळं अंगण एकदम मोकळं झालं, सगळ्या बाया एकदम रडू लागल्या. मी पिशवी खाली ठेवली आणि फळं घरंगळत झोपाळ्याखाली गेली. आता मलाही मुभा होती. नाव तयार होतं, सकाळपासून तोंडात होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून तेंतेक निघालं, पुन्हा पुन्हा तेवढंच, तेंतेक, आणि तिकडून रडता रडता अपांनी माझ्यासाठी हात पसरला.